खारदांडा, शारदासदन आणि ‘निराधार’ हा शब्द

खार रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेस बाहेर पडून समुद्राच्या दिशेने चालू लागले, की उंच इमारतींची रांग संपता संपता खारदांड्याचा कोळीवाडा लागतो. खारचे स्थानक 1924 चे. दांडा त्याहून कितीतरी जुना. येथून उत्तरेस थोड्याच अंतरावर, जुहू तारा रस्त्यावर, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा परिसर आहे. कोळीवाडा आणि महिला विद्यापीठ यांचे हे शेजारपण आम्हांस पुष्कळ दिवस विचारात पाडीत आले आहे. ज्या संस्थांनी महाराष्ट्रातील निराधार तरुणींस हात दिला, त्यांच्या परंपरेतून हे विद्यापीठ उभे राहिले. त्या परंपरेच्या आरंभीच्या पर्वात दांड्याच्या मुलीला जागा होती काय, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

आरंभ बहुधा 11 मार्च 1889 या दिवसापासून केला जातो. त्या दिवशी पंडिता रमाबाईंनी मुंबईस चौपाटीजवळ शारदासदन उघडले. अमेरिकेत असताना त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाचे नावच मुळी ‘उच्चवर्णीय हिंदू स्त्री’ अशा अर्थाचे होते. ते 1887 साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षे साह्य करण्याचे ठरले. पैसा बोस्टनचा, संस्था मुंबईची आणि मुली प्रामुख्याने ब्राह्मण घरांतल्या बालविधवा, असा हा योग होता. सदनात धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होणार नाही, ही अट होती. 1890 साली सदन पुण्यास गेले.

तेथे काय घडले ते वाचकांस ठाऊक असेल. रमाबाईंच्या प्रार्थनेस काही मुली बसतात, असा बोभाटा झाला, ‘केसरी’ने झोड उठविली, 1893 च्या ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. या वादावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले आहे. कोण चूक, कोण बरोबर, याचा निवाडा आम्ही करीत नाही. आम्हांस टोचते ते निराळेच. रमाबाईंचा पक्ष, सुधारकांचा पक्ष, टिळकांचा पक्ष, बोस्टनच्या देणगीदारांचा पक्ष, असे सारे पक्ष इतिहासात नोंदले गेले. ज्या मुलींवरून हे रण माजले, त्यांचा पक्ष कोठे आहे? मुलगी सदनात आली ती पालकाच्या संमतीने आणि गेली तीही पालकाच्या हुकमाने. मदत घेणाऱ्याचे मत विचारण्याची पद्धत त्या काळच्या परोपकारात नव्हती. (आजच्या परोपकारात ती कितपत आहे, हे ज्याने त्याने ठरवावे.)

अपवाद आहेत, आणि ते फार मोलाचे आहेत. शारदासदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक म्हणजे गोदूबाई. बालपणीच वैधव्य आलेली ही कोकणातील मुलगी, मुंबईस शिकत असलेल्या भावामुळे सदनात आली. भावाचे स्नेही धोंडो केशव कर्वे 1891 साली विधुर झाले आणि 11 मार्च 1893 रोजी त्यांनी गोदूबाईंशी पुण्यात विवाह केला. सदनाच्या स्थापनेस त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. घरीदारी सगळे त्यांना बाया म्हणत. मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतही सापडते. तीन वर्षांनी, 1896 मध्ये, कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. तेव्हा पुनर्विवाहाच्या चळवळीपासून आश्रम अलग ठेवणे त्यांना भाग वाटले. नाहीतर एकाही पालकाने आपली विधवा मुलगी तेथे पाठविली नसती. 1900 साली आश्रम हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. कर्वे फर्ग्युसनचे काम आटोपून रोज तेथे पायी जात. बाया पुण्यात राहत. विधवांसाठी उभ्या राहिलेल्या संस्थेला, पुन्हा कुंकू लावलेली विधवा संस्थापकाची पत्नी म्हणून फार जवळ असणे परवडणारे नव्हते. या विसंगतीबद्दल आम्ही कर्व्यांस दोष देत नाही. पण संस्था चालविण्याची खरी किंमत देणगीच्या पावतीवर दिसत नाही, एवढे मात्र यातून कळते. बायांनी पुढे ‘माझे पुराण’ लिहिले. मदत मिळालेल्या मुलीने स्वतःच्या शब्दांत हिशेब मांडलेला, असे मराठीतील ते एक दुर्मीळ पुस्तक आहे.

बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले या तर आम्हांस अधिकच विलक्षण वाटतात. त्या विधवा, एका मुलाची आई. आश्रमात आल्या, शिकल्या आणि आश्रमासाठी गावोगाव झोळी घेऊन हिंडल्या. 1918 साली त्या अमेरिकेस गेल्या. इंग्रजी जेमतेम येत असताना तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून राहिल्या. निराधार म्हणून दाखल झालेली स्त्री काही वर्षांतच संस्थेचा आधार होते, हे रूपांतर व्याख्यानांनी घडत नाही. त्याला अक्षरओळख लागते, हाती काम लागते आणि आपल्या नावाने चार लोकांसमोर उभे राहण्याची मुभा लागते. पार्वतीबाईंचे ‘माझी कहाणी’ वाचताना ही मुभा कशी पायरीपायरीने मिळाली, ते दिसते.

आता दांड्याकडे वळू. ही सारी यंत्रणा ज्या दुःखावर उभी होती, ते दुःख दांड्याचे नव्हते. कोळी समाजात विधवेने पाट लावण्याची चाल होती, केशवपन नव्हते. होडीतून आलेली मासळी किनाऱ्यावर उतरली, की तिची मालकीण बाई. निवडणे, सुकविणे, पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसणे, भाव करणे आणि पैसा कमरेला खोवून घरी आणणे, हे सारे तीच करी. रानड्यांच्या घरात रमाबाईंना इंग्रजी शिकण्यासाठी घरातल्याच बायकांची बोलणी सोसावी लागली. त्याच मुंबई इलाख्यात कोळीण भर बाजारात गिऱ्हाइकाशी हुज्जत घालीत होती. सुधारकांच्या लेखी ती स्वतंत्र होती, म्हणून तिला मदतीची गरज नव्हती.

हा तर्क वरवर सरळ वाटतो, पण त्यात खोट आहे. बाजारात बसण्याचे स्वातंत्र्य म्हणजे शाळेत बसण्याचे स्वातंत्र्य नव्हे. दर्यावर गेलेली होडी परत न आल्यास दांड्याच्या घरातही उपासमार होई. तेव्हा कामाला जुंपली जाई ती थोरली मुलगीच. तिचे दारिद्र्य होते, अडाणीपण होते, कर्ज होते. फक्त ‘अनाथ बालविधवा’ हा शिक्का नव्हता. ज्या दुःखाला नाव नाही, त्याच्यासाठी आश्रम निघत नाही. येथे एक उलटा न्याय आमच्या ध्यानात येतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते मुख्यतः ब्राह्मण विधवांच्या रक्षणासाठी. माळी कुटुंबाने आपले दार ब्राह्मण स्त्रीसाठी उघडले. ब्राह्मण संस्थांची दारे माळ्या-कोळ्यांच्या मुलींसाठी उघडायला पुढे बराच काळ जावा लागला.

दुष्काळाने ती प्रथम सक्तीने उघडली. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून उपाशी मुली घेऊन आल्या आणि 1900 साली गुजरातेतून. केडगावच्या मुक्तिसदनात तेव्हा दोन हजारांच्या आसपास माणसे होती. जात विचारीत बसण्याची ती वेळच नव्हती. शेती, तेलघाणा, विणकाम, छापखाना अशी कामे मुलींनी हाती घेतली. यांतील बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या, हेही सांगितले पाहिजे; ते दडवून केडगावचा गौरव करण्यात अर्थ नाही आणि तेवढ्यासाठी केडगावकडे पाठ फिरविण्यातही नाही.

मुंबईत निराळ्या वाटेने तेच काम सुरू झाले. 1906 साली विठ्ठल रामजी शिंदे यांनी परळ येथे अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन काढले. त्यांच्या भगिनी जनाबाई त्या कामात होत्या. 1908 साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी सेवासदन स्थापिले आणि रमाबाई रानडे त्याच्या अध्यक्ष झाल्या. एक पारशी, एक सिंधी आणि एक मराठी, अशी ही मुंबईलाच शोभणारी जुळणी. पुढच्याच वर्षी पुण्याचे सेवासदन निघाले. शिवण, शिक्षकी, शुश्रूषा यांवर तेथे भर होता. सवर्ण घरांत परिचारिकेचे काम हीन मानले जाई, परक्याच्या देहाला हात लावण्याचा विटाळ मानला जाई. म्हणून शुश्रूषेचे शिक्षण हे आम्हांस नुसत्या उपजीविकेहून मोठे पाऊल वाटते.

1916 साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले. 1936 साली मुख्य ठाणे मुंबईस आले आणि कालांतराने जुहूचा परिसर उभा राहिला. हिंगण्याची झोपडी अशी हिंडत हिंडत दांड्याच्या शेजारी आली.

शेजार झाला म्हणजे ओळख झाली, असे नाही. आम्ही वर्गात शिकवितो तेव्हा किनाऱ्याकडच्या वाड्यांतून आलेल्या मुली समोर असतात. पहाटे आईबरोबर भाऊच्या धक्क्यावर जाऊन आलेली मुलगी सकाळच्या पहिल्या तासाला पेंगते, आणि परीक्षेच्या आधी फीसाठी अर्ज भरताना अडते. अर्जात अनाथ, विधवा, परित्यक्ता असे रकाने असतात. तिचे वडील हयात आहेत, आई कमावते आहे, घर स्वतःचे आहे. यांत्रिक बोटी आल्या, मासळी घटली, होडीवरचे कर्ज वाढले, आईच्या पाटीला गिऱ्हाईक उरले नाही, यासाठी अर्जात रकाना नसतो. शेवटी ती ‘इतर’ या शब्दापुढे खूण करते.

हा ‘इतर’ ओलांडण्याचा एक प्रयत्न 1975 साली गिरणगावात झाला. प्रेमा पुरव यांनी खानावळी चालविणाऱ्या बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. गिरणी कामगारांचे डबे रांधणाऱ्या या बायका कमावत्या होत्या, पण सावकाराच्या पाशात होत्या. जुन्या अर्थाने त्यांना निराधार म्हणता आले नसते. मंडळाने त्यांना आश्रमात ठेवले नाही, राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेले. तारण काय, तर एकमेकींची हमी. चौपाटीच्या सदनाला बोस्टनची हमी लागली होती. येथे ती शेजारच्या चाळीतली बाई देत होती. पाटी घेऊन बसणाऱ्या कोळिणीची अडचण ओळखणारी व्याख्या प्रथम कोठे सापडत असेल, तर ती आम्हांस या खानावळवाल्यांच्या कर्जाच्या कागदांत सापडते.