गुरुपरंपरेची नोंद : ओळ आणि सारणी

गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेकाठी असलेल्या मार्कंड्याचे मुख्य देवालय शिवाचे आहे. नाथपंथाची गुरुपरंपराही शिवापासूनच, म्हणजे आदिनाथापासून, सुरू होते. ज्ञानेश्वरीच्या (शके १२१२) अखेरीस ती मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी व निवृत्ती यांच्याद्वारे ज्ञानदेवांपर्यंत येते. कोणी कोणास पंथात आणले, याचीच ही नोंद होय.

सभासदाने सभासद आणावा अशा बहुस्तरीय संस्थेची नोंद ठेवतानाही हाच प्रश्न उद्भवतो. प्रत्येक पिढीस एक स्तंभ दिल्यास पिढी वाढताच सारणीची रचना मोडते. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधाधिष्ठित प्रतिमानात याहून सोपा मार्ग सापडतो : ‘शिष्य’ व ‘गुरु’ असे दोनच स्तंभ ठेवावेत आणि आदिनाथापुढील गुरूची जागा रिकामी सोडावी. एका नोंदीवरून दुसरीकडे जात संपूर्ण साखळी काढणाऱ्या पुनरावर्ती पृच्छेस एसक्यूएल भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकात स्थान मिळाले.

इतिहासाच्या अभ्यासकास यातील भेद महत्त्वाचा वाटावा. परंपरेची ओळ केवळ वरची वाट दाखविते. शाखा दाखवीत नाही. निवृत्तिनाथांचे शिष्यत्व ज्ञानदेवांप्रमाणेच सोपान व मुक्ताबाई यांच्याकडेही होते आणि चांगदेव हे मुक्ताबाईंचे शिष्य मानले जातात. ज्ञानदेवांपर्यंतच्या ओळीत ही शाखा येऊच शकत नाही. सारणीत मात्र मुक्ताबाईंना स्वतंत्र नोंद मिळते. तथापि मधली एक नोंद हरवली, तर तिच्याखालील सारी शाखा तुटते. अशी जागा तर्काने भरण्यापेक्षा रिकामी ठेवणेच श्रेयस्कर होय.