द्वारपंडिताचा प्रश्न

बदलीच्या नोकरीत ज्यांचे आयुष्य जाते त्यांच्या घरी वैशाख-ज्येष्ठाचे दिवस दोन काळज्यांचे असतात. यंदा बदलीचा हुकूम कोठला येतो ही एक, आणि मुलांना प्रवेश कोठे मिळतो ही दुसरी. मुले मोठी झाली की या दुसऱ्या काळजीला मुलाखतीची जोड मिळते. व्यवस्थापनशास्त्राच्या संस्था आणि परदेशांतील काही नामांकित विद्यापीठे केवळ गुणांवर संतुष्ट नसतात. उमेदवाराला समोर बसवून चार प्रश्न विचारल्यावाचून ती दार उघडीत नाहीत. मग घरोघर तालमी सुरू होतात. मुलाने आरशापुढे उभे राहून स्वतःची ओळख करून द्यावी, वडिलांनी परीक्षक होऊन आडवेतिडवे प्रश्न घालावेत आणि आईने मधूनच 'जरा सावकाश बोल' म्हणून सुचवावे, असा हा संसार चालतो. दाराशी प्रश्न विचारण्याची ही रीत इंग्रजांबरोबर आली असा आपला सर्वसाधारण समज आहे. परंतु आपल्याच देशाचा इतिहास चाळला तर हे दार आणि त्यावरील पंडित फार जुने आहेत असे आढळून येते. त्या पंडितांनी काय विचारले आणि उमेदवारांनी कशी तयारी केली, हे पाहणे आजच्या काळजीतही उपयोगी पडेल असे आम्हांस वाटते.

सर्वांत जुना प्रश्न छांदोग्य उपनिषदात आहे. हारिद्रुमत गौतमाकडे विद्येसाठी गेलेल्या सत्यकामाला गुरूने गोत्र विचारले. सत्यकामाने निघण्यापूर्वी आईला हाच प्रश्न विचारून ठेवला होता; म्हणजे तयारी त्यानेही केली होती! जबालेने सांगितले की तारुण्यात अनेकांच्या घरी सेवा करीत असता तू झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही. तू आपला सत्यकाम जाबाल. मुलाने गुरूपुढे आईचे हे बोलणे जसेच्या तसे सांगितले. गौतमाने त्याला समिधा आणावयास सांगून जवळ केले, कारण तो सत्यापासून ढळला नव्हता. मात्र असे सत्य ब्राह्मणावाचून दुसरा बोलणार नाही, असेही गौतम म्हणाला. विचारले ते कूळ आणि पारखले ते सत्य, हे गौतमाचे मोठेपण. तरी पारखलेल्या सत्याला नाव द्यावयाचे झाले तेव्हा त्याला पुन्हा कुळाचेच नाव सुचले. गोत्राच्या प्रश्नापाशीच परत फिरलेल्या, किंवा तो प्रश्न होईल म्हणून घरातून निघालेच नाहीत अशा मुलांची नोंद कोणत्याही उपनिषदात नाही.

तक्षशिलेचा प्रश्न निराळा होता. तिलमुट्ठि जातकात वाराणसीचा सोळा वर्षांचा राजपुत्र साधी पादत्राणे, पानांची छत्री आणि हजार नाण्यांची थैली घेऊन तक्षशिलेस जातो. आचार्य घराच्या दाराशी फेऱ्या घालीत असतात. मुलगा पादत्राणे उतरवतो, छत्री मिटतो आणि वंदन करून उभा राहतो. कोठून आलास, कोणाचा मुलगा, कशासाठी आलास, हे विचारून झाल्यावर आचार्य मुद्द्याचे विचारतात : गुरुदक्षिणा आणली आहेस, की सेवा करून शिकणार? राजपुत्र थैली पुढे ठेवतो. दक्षिणा देणारे शिष्य गुरूच्या घरी वडील मुलासारखे राहत. सेवेवर शिकणारे दिवसा गुरूचे काम करीत आणि रात्री पाठ घेत. विद्या दोघांनाही मिळे, परंतु दिवसाचा उजेड एकालाच मिळे!

कूळ किंवा पैसा न विचारता विद्या विचारणारे दार पाहावयाचे तर मगधात, नालंदेस यावे लागते. राजगीरच्या उत्तरेस थोड्या अंतरावर असलेले हे विटांचे अवशेष बिहारात नेमणूक झालेल्या पुष्कळ मराठी मंडळींनी पाहिले असतील. 2016 साली त्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. प्राचीन भारतीय शिक्षणपद्धतीवर 1934 साली अधिकारवाणीने ग्रंथ लिहिणारे डॉ. अनंत सदाशिव आळतेकर हेही आपल्यासारखेच परप्रांतवासी. कोल्हापूरकडे जन्मलेल्या या विद्वानाचे कार्यक्षेत्र काशी आणि पुढे पाटणा हे होते, आणि 1951 ते 1955 या काळात पाटण्याजवळ कुम्रहार येथे झालेले उत्खनन त्यांच्या नेतृत्वाखाली पार पडले. परप्रांतातील नोकरी म्हणजे निव्वळ दिवस काढणे नव्हे, हे सांगावयास त्यांचे नाव पुरेसे आहे.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात, गुप्तांच्या काळी, नालंदेचा पाया घातला गेला. सातव्या शतकात तेथे राहिलेल्या दोन चिनी यात्रेकरूंनी तिची हकीकत लिहून ठेवली आहे. ह्युएन त्संग 637 च्या सुमारास तेथे पोहोचला. इत्सिंगाने 675 पासून सुमारे दहा वर्षे तेथे काढली. ह्युएन त्संगाचा चरित्रकार तेथील भिक्षूंची संख्या दहा हजार सांगतो, तर इत्सिंग तीन हजारांहून अधिक म्हणतो. दोघांतील लहान आकडा धरला तरी संस्था प्रचंड होती. राजांनी लावून दिलेल्या गावांच्या उत्पन्नावर तिचा खर्च चाले. इत्सिंगाच्या वेळी ही गावे दोनशेंहून अधिक होती. त्यामुळे आत आलेल्याला अन्न, वस्त्र, अंथरूण किंवा औषध यांची विवंचना नसे. थैलीचा प्रश्न तेथे कोणी विचारीत नसे. त्याच्या जागी दुसरा प्रश्न उभा होता.

ह्युएन त्संग लिहितो की बाहेरून येऊन तेथील वादचर्चेत भाग घेऊ इच्छिणाऱ्याला द्वारपाल कठीण प्रश्न घाली, आणि पुष्कळ जण उत्तर न सुचून तेथूनच परत फिरत. जुने व नवे असे दोन्ही प्रकारचे ग्रंथ खोल अभ्यासलेले असतील तरच निभाव लागे. दहांतील सात-आठ जण अपयशी ठरत. जे दोन-तीन आत जात त्यांचीही सुटका नसे. सभेत वाद करताना त्यांतील मध्यम बुद्धीच्यांचा गर्व उतरल्यावाचून राहत नसे. हाच प्रवासी आणखी एक गमतीची गोष्ट नोंदवितो : नालंदेचे विद्यार्थी म्हणवून घेतले की जाईल तेथे मान मिळे, म्हणून काही लोक ते नाव खोटेच लावीत. खोट्या पदव्यांचा धंदा आजचा नव्हे, एवढे समाधान यातून खुशाल घ्यावे!

अशा दारासाठी तयारी कशी होत असे? इत्सिंगाने सांगितलेला क्रम वाचला म्हणजे छाती दडपते. सहाव्या वर्षी मुळाक्षरे, सहा महिन्यांत पुरी. आठव्या वर्षी पाणिनीची सूत्रे, आठ महिन्यांत मुखोद्गत. दहाव्या वर्षापासून तीन वर्षे व्याकरणाची पुढील प्रकरणे. पंधराव्या वर्षी सूत्रांवरील वृत्ती. ती उमजावयास पाच वर्षे. विद्वान ही वृत्ती म्हणजे काशिका समजतात. त्यानंतर गद्यपद्य रचना, हेतुविद्या म्हणजे तर्कशास्त्र, आणि अभिधर्म. एवढे झाल्यावर विद्यार्थी मगधातील नालंदेस किंवा सौराष्ट्रातील वलभीस जाई आणि तेथे दोन-तीन वर्षे राही. चीनमधून येणाऱ्यांनीही आधी व्याकरणच शिकावे, नाही तर सारे कष्ट वाया जातील, असा इशारा इत्सिंगाने आपल्या देशबांधवांना देऊन ठेवला आहे. थोडक्यात, दारावरच्या घटकाभराच्या प्रश्नोत्तरांमागे पंधरा-सोळा वर्षांचा अभ्यास उभा असे.

या अभ्यासक्रमाचा शेवट सरकारी नोकरांनी मुद्दाम वाचण्यासारखा आहे. नालंदा-वलभीहून बाहेर पडलेले हे पंडित राजसभेत जाऊन आपले कौशल्य दाखवीत आणि राज्यकारभारात नेमणूक मिळावी अशी अपेक्षा धरीत. यशस्वी झालेल्यांना जमिनी मिळत, वरचा दर्जा मिळे, आणि त्यांची नावे उंच दरवाजांवर पांढऱ्या अक्षरांत लिहिली जात. मुलाखत, नेमणूक आणि दारावरची नावाची पाटी हा क्रम तेराशे वर्षांपूर्वीही असाच होता!

येथे एक विचार आम्हांस अस्वस्थ करतो. नालंदेचे दार कूळ विचारीत नव्हते आणि पैसा मागत नव्हते, हे खरे. परंतु सहाव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत ज्याला शेतावर किंवा भट्टीवर जावे लागले नाही असाच मुलगा त्या दारापर्यंत येऊ शकत होता. दहांतील सात-आठ परतले, याची नोंद यात्रेकरूने केली. जे दारापर्यंत आलेच नाहीत त्यांना मोजणार कोण? आजचा परीक्षक प्रामाणिक असला तरी त्याच्या समोर येणाऱ्या दोन मुलांपैकी एकाच्या पाठीशी ग्रंथांनी भरलेले घर असते आणि दुसऱ्याच्या पाठीशी त्याच्या आईचे कष्ट. उत्तरांच्या सफाईत हा फरक दिसतो. तो बुद्धीतला फरक आहे असे मानणे हा घाईचा निवाडा होय.

अशी घाई न करणारे दोन परीक्षक खुद्द ह्युएन त्संगाच्या चरित्रात भेटतात. तो तेरा वर्षांचा असताना लोयांग शहरात काही जणांना भिक्षुदीक्षा देण्याची राजाज्ञा झाली. उमेदवार शेकडो जमले. याचे वय भरत नव्हते, म्हणून हा कचेरीच्या दाराशी नुसता उभा राहिला. निवडीसाठी आलेल्या चेंग शान-कुओ या अधिकाऱ्याची नजर त्याच्यावर गेली. त्याने विचारपूस केली आणि दीक्षा कशासाठी हवी असा प्रश्न केला. तथागताचा वारसा पुढे चालवावा आणि त्याचा धर्म उजळावा, असे मुलगा म्हणाला. अधिकाऱ्याने नियम बाजूस ठेवून त्याला निवडले. सहकाऱ्यांना त्याने सांगितले ते असे की पाठांतर कोणालाही साधेल, असा पिंड मिळणे दुर्मिळ. एका अधिकाऱ्याने एके दिवशी दाराबाहेर नजर टाकली नसती तर सातव्या शतकातील भारताचे, आणि पुलकेशीच्या महाराष्ट्राचेही, ते वर्णन आज आपल्या हाती नसते. दुसरा परीक्षक म्हणजे नालंदेचा वृद्ध आचार्य शीलभद्र. कित्येक देश ओलांडून आणि वाटेत काश्मीरसारख्या ठिकाणी दोन-दोन वर्षे अभ्यास करून आलेल्या या परदेशी भिक्षूला त्याने कोठून आलास एवढेच विचारले. आपल्यापाशी योगशास्त्र शिकावयास चीनहून आलो, हे उत्तर ऐकून त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले, असे चरित्रकार सांगतो.

पुढे विक्रमशिलेस ही द्वारपंडितांची परंपरा अधिक नियमबद्ध झाली. तिबेटी इतिहासकार तारनाथ सहा द्वारपंडितांची नावे देतो : पूर्वेस रत्नाकरशांती, पश्चिमेस वागीश्वरकीर्ती, दक्षिणेस प्रज्ञाकरमती, उत्तरेस नारोपा, आणि मध्यभागी रत्नवज्र व ज्ञानश्रीमित्र. यांतील नारोपाची एक आख्यायिका तिबेटात फार प्रसिद्ध आहे. तो ग्रंथ वाचीत बसला असता एका कुरूप म्हातारीने येऊन त्याला विचारले, तुला यातले शब्द कळतात की अर्थ? शब्द कळतात, असे तो म्हणताच म्हातारी आनंदाने नाचू लागली. तिला आणखी संतोष व्हावा म्हणून तो म्हणाला, अर्थही कळतो. त्यावर ती रडू लागली, कारण पहिले उत्तर खरे होते आणि दुसरे खोटे. इतरांना प्रश्न घालणारा तो महापंडित आपले पद सोडून गुरूच्या शोधात बाहेर पडला.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांना आज ना उद्या मेजाच्या दोन्ही बाजूंस बसावे लागते : घरी मुलाची तयारी करून घेताना एका बाजूस, आणि निवड मंडळावर दुसऱ्या बाजूस. मुलाला चार वाक्ये पाठ करवणे सोपे आहे आणि तसे करू नये असे आम्ही म्हणत नाही; पाणिनीचे पाठांतर करणाऱ्यांच्या देशात ते शोभणारही नाही. परंतु न कळलेल्या गोष्टीला 'ठाऊक नाही' म्हणण्याची सवय त्याला याच वयात लावावी. सत्यकामाला गोत्र ठाऊक नव्हते आणि त्याने तसेच सांगितले. तेवढ्यावर त्याचे काम झाले. आणि आपली पाळी परीक्षकाच्या खुर्चीत बसण्याची आली म्हणजे समोरच्याची सफाई ऐकून झाल्यावर एकवार दाराबाहेर पाहावे. वय किंवा कागदपत्रे न भरल्यामुळे एखादा तेरा वर्षांचा मुलगा तेथे अजून उभा असेल.