संगणकाचा कित्ता आणि वर्ध्याचीं अक्षरें

कित्ता हा शब्द माझ्या वयाच्या मंडळींना चांगलाच परिचित आहे. गुरुजींनीं पाटीवर वर एक वळणदार ओळ काढून द्यावी आणि मुलांनीं तीच खालीं गिरवीत बसावें, ह्या रीतीनें महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्यांचें अक्षर घडलें. आज घरोघरीं पत्रें, अर्ज आणि लग्नपत्रिकांचे मसुदे ज्या संगणकावर तयार होतात, त्याच्या पोटांतहि असाच एक कित्ता आहे. मायक्रोसॉफ्ट वर्ड उघडून आपण जें कोरें पान समोर घेतों, तें खरोखर कोरें नसतेंच. अक्षराचें वळण, त्याचा आकार, दोन ओळींतील अंतर, कडेचा समास हें सारें 'नॉर्मल' नांवाच्या एका कित्त्यांतून आधींच त्या पानावर उतरलेलें असतें. शिवाय आपण लिहूं लागलों कीं हा अदृश्य गुरुजी मधून मधून आपला हात धरून दुरुस्त्याहि करतो. ह्या गुरुजीला आवरावें कसें, हा प्रश्न नवा वाटतो. परंतु यंत्रानें अक्षराला वळण लावावें कीं अक्षरानें यंत्राला, हा वाद नव्वद वर्षांपूर्वीं आपल्या वर्ध्यांत मोठ्या हिरिरीनें लढला गेला आहे. तो आधीं सांगतों.

देवनागरीचें आणि छापण्याच्या यंत्राचें सूत कधींच फारसें जमलें नाहीं. इंग्रजीचीं अक्षरें सव्वीस, थोरलीं व धाकटीं मिळून बावन्न. मराठीची पेटी भरावयाची म्हणजे जोडाक्षरें, अर्धीं अक्षरें, मात्रा, वेलांट्या, रफार धरून शेंकडों खिळे लागत, आणि जुळाऱ्याला ते एकेक वेंचावे लागत. टंकलेखनयंत्र आलें तेव्हां अडचण अधिकच जाणवली, कारण त्याच्या किल्ल्यांवर साऱ्या मिळून नव्वदच्या आसपास खुणा मावतात. लोकमान्य टिळकांनीं खिळ्यांची संख्या कमी करण्याची खटपट केली. सावरकरांनीं रत्नागिरीच्या स्थानबद्धतेंत, म्हणजे १९२४ ते १९३७ ह्या काळांत, लिपिशुद्धीची चळवळ चालविली. आणि १९३५ सालीं इंदुरास महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं हिंदी साहित्य संमेलन भरलें, त्यानें लिपिसुधारणेसाठीं एक समिति नेमून तिची धुरा काकासाहेब कालेलकरांकडे दिली. काकासाहेब जन्मानें साताऱ्याचे, घर मराठी, लेखणी मात्र गुजरातींत रमलेली. तीन भाषांत वावरणाऱ्या माणसाला लिपीची अडचण अधिक बोंचावी हें साहजिकच होय.

सुधारकांची सूचना मोठी साधी होती. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ हीं सहा अक्षरें सोडून द्यावीं आणि अ लाच वेलांटी, उकार व मात्रा जोडावी: अि, अी, अु, अू, अे, अै. ओ आणि औ लिहितांना आपण अ लाच काना-मात्रा देतों, मग इ नें काय पाप केलें, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. सहा अक्षरें गेलीं म्हणजे तितके खिळे आणि तितक्या किल्ल्या वांचल्या. १९३६ सालीं वर्ध्यास राष्ट्रभाषा प्रचार समिति स्थापन झाली. तिनें आपलीं पुस्तकें ह्या स्वराखडींत छापलीं, आणि परप्रांतांत हिंदी शिकूं पाहणाऱ्यांच्या हातीं तीं गेलीं. पुढें पवनारास विनोबांनींहि 'लोकनागरी' ह्या नांवानें लिपि सोपी करण्याचा आपला प्रयोग केला.

लोकांनीं मात्र हें पत्करलें नाहीं. १९४७ सालीं संयुक्त प्रांताच्या सरकारनें आचार्य नरेंद्र देव ह्यांची समिति नेमली, तिनेंहि अ ची बाराखडी नाकारली. सुधारकांचें म्हणणें मला सर्वस्वीं पटतें असें नाहीं. इ चें तें वळण मुलाच्या बोटांत एकदां उतरलें म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो मीं पुष्कळ वर्षें पाहिला आहे. खिळे वांचविण्यासाठीं तो सोडावा असें मला कधीं वाटलें नाहीं. पण ह्या मंडळींची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अक्षर बदलावयाचें तर त्यांनीं तें चव्हाट्यावर, स्वतःच्या नांवानिशीं आणि कारणें सांगून बदलूं पाहिलें. ज्याला नको असेल त्याला नको म्हणण्याची मोकळीक होती, आणि लोकांनीं नको म्हटलें.

आतां संगणकाकडे वळूं. त्यानें खिळ्यांची टंचाई कायमची संपविली. १९९१ सालीं 'युनिकोड' ह्या सर्वमान्य कोष्टकाची पहिली आवृत्ति निघाली. तींत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे, आणि जोडाक्षर कसें दिसावें हें संगणकांतील टंक, म्हणजे ज्याला आपण फाँट म्हणतों तो, स्वतः ठरवितो. यंत्राच्या सोयीसाठीं एकहि अक्षर सोडण्याचें कारण उरलें नाहीं. आणि नेमकें तेव्हांच आपलीं अक्षरें कोणाला न विचारतां बदलूं लागलीं.

ल आणि श हींच पाहा ना. मराठी ल ला दोन पाकळ्या असतात. हिंदी ल उभ्या दंडाला टेकलेला असतो. मराठी श देठाचा, हिंदी श निराळ्या वळणाचा. कोष्टकांत मात्र दोघांना क्रमांक एकच. तेव्हां जो टंक आधींपासून नेमलेला असेल त्याचें वळण आपल्या पदरीं पडतें. विंडोज २००० पासून पुष्कळ वर्षें हा नेमलेला टंक 'मंगल' असे. तो घडविणारे र. कृ. जोशी हे मराठीच, अक्षरकलेंतील मोठे अधिकारी. पण एकाच टंकानें हिंदी, संस्कृत आणि मराठी ह्या सर्वांची सेवा करावयाची होती, आणि त्यांत आलें तें हिंदीचें वळण. मुलगा शाळेंत एक ल शिकला, घरीं पडद्यावर त्यानें दुसरा पाहिला, आणि हळूहळू दुकानांच्या पाट्यांवरहि दुसराच दिसूं लागला. २०२२ सालच्या नोव्हेंबरांत महाराष्ट्र शासनाला निर्णय काढून पाकळीचा ल आणि देठाचा श वापरण्यास सांगावें लागलें.

ॲडव्होकेट, ॲल्युमिनियम ह्या शब्दांचीहि अशीच कथा. कोष्टकांत ए वर चंद्र दिलेलें अक्षर प्रारंभापासून होतें. अ वर चंद्र देऊन आपण जें लिहितों तें स्वतंत्र अक्षर २००८ सालीं, ५.१ ह्या आवृत्तींत आलें. तोंवर पुष्कळ लोक 'ऍ' लिहीत, आणि यंत्र तेंच देतें म्हणून तेंच शुद्ध असावें असें समजत. गंमत अशी कीं, अ ला चंद्र देणारा हा ॲ वर्ध्याच्या त्या टाकून दिलेल्या स्वराखडीचा सख्खा भाऊ होय!

आणि ऱ्य? 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील खोल जागा. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' ह्यांत तर पंगतीचाच घोटाळा! हा ऱ्य यंत्रांत आहे, पण मागितल्यावांचून मिळत नाहीं. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र ची कळ शिफ्टसह दाबली म्हणजे खालीं टिंब असलेला ऱ येतो; त्याला हलन्त जोडून य लिहावा.

वर्डचा गुरुजी घडला तो मुळांत इंग्रजी लेखनिकासाठीं. १९८३ सालीं ही प्रणाली निघाली, आणि १९९३ च्या आवृत्तींत घाईनें चुकलेले शब्द आपोआप सुधारण्याची युक्ति, म्हणजे 'ऑटोकरेक्ट', तींत आली. इंग्रजीपुरती ती उपकारकच आहे. पण आपण इंग्रजी अंकांत एक लिहून टिंब दिलें कीं ती समजते येथें यादी सुरू झाली, आणि पुढील परिच्छेदांना स्वतःच क्रमांक घालीत सुटते. कंसांत धाकटें सी काढलें तर त्याचें प्रकाशनहक्काचें चिन्ह होतें. मूळ कित्ताहि स्थिर नाहीं: २००७ पर्यंत त्यांत टाइम्स न्यू रोमन होता, त्या सालच्या आवृत्तीपासून कॅलिब्री आला, आणि २०२३ पासून ॲप्टोस. त्या सुधारकांनीं निदान लोकांना विचारलें तरी होतें.

आवरण्याची रीत कठीण नाहीं. 'फाइल', मग 'ऑप्शन्स', मग 'प्रूफिंग' असें गेलें म्हणजे 'ऑटोकरेक्ट ऑप्शन्स' ही खिडकी उघडते. तेथें 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप' ह्या पानावर याद्या, अवतरणचिन्हें, निळे दुवे ह्यांच्यासमोर खुणा असतात. नको त्या काढून टाकाव्या. टंकाच्या बाबतींत मात्र एक खोंच आहे, आणि पुष्कळ लोक तेथेंच हात टेकतात. संगणकांत मराठी चालू केलेली असली म्हणजे फाँटच्या खिडकींत दोन कप्पे दिसतात. वरचा रोमन अक्षरांचा, दुसरा 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' म्हणजे आपल्यासारख्या लिपींचा. मनुष्य वरच्या कप्प्यांत टंक बदलतो, आणि मराठी अक्षर जागचें हालत नाहीं! दुसऱ्या कप्प्यांत मराठी वळणाचा टंक निवडावा, 'सेट ॲज डिफॉल्ट' म्हणावें, आणि यंत्रानें विचारलें कीं केवळ ह्या कागदासाठीं कीं 'नॉर्मल'वर आधारलेल्या सर्व कागदांसाठीं, तर सर्वांसाठीं असें सांगावें. ओळींतील अंतराचेंहि तसेंच करावें. वेलांट्या आणि उकार ह्यांमुळें मराठीला थोडें अधिक अंतर मानवतें.

एवढें करूनहि एखादी आगंतुक दुरुस्ती झालीच, तर ती होतांक्षणींच कंट्रोल आणि झेड ह्या कळा एकदां दाबाव्या. दुरुस्ती तेवढी मागें जाते, आपण लिहिलेलें तसेंच राहतें.