लहरी, तरीही नेमक्या

जळकोटच्या कोरडवाहू शिवारात ‘लहरी’ हे विशेषण हमखास पावसाला लागते. मृगात बरसला आणि आर्द्रात दडी मारली, की पाऊस लहरी. मुळात संस्कृत ‘लहरि’ म्हणजे लाट. मराठीत ती पाण्यातून अंगात शिरली, विषाची लहर झाली. मग मनात शिरली, आणि मनाला येईल तसा वागणारा तो लहरी ठरला.

‘गुरुत्वीय लहरी’, म्हणजे अवकाशकाळात उठणाऱ्या लाटा, म्हणताना मात्र ‘लहरी’ हे नाम असते, लहरचे अनेकवचन. या लहरींइतकी नेमाची गोष्ट विरळा. दोन अतिघन तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात, तेव्हा लहरींची वारंवारता कशी चढत जाईल हे आइनस्टाइनच्या सिद्धान्तावरून आधीच मांडता येते. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी 1990च्या दशकाच्या आरंभी याच नेमावर भिस्त ठेवली: अपेक्षित लहरींचे साचे तयार ठेवायचे आणि यंत्राच्या गोंगाटात त्यांच्याशी जुळणारी खूण शोधायची.

‘गुरुत्वीय’मधला ‘गुरु’ म्हणजे जड. गरिमा, गरिष्ठ हे त्याच्याच घरातले. लॅटिन ‘ग्रॅव्हिस’ही त्याच मुळाचा, म्हणजे गुरुत्व आणि ग्रॅव्हिटी हे जन्मानेच भाऊबंद.

17 ऑगस्ट 2017 रोजी अशाच दोन अतिघन, म्हणजे न्यूट्रॉन, ताऱ्यांच्या मीलनाची गुरुत्वीय लहर सुमारे 100 सेकंद नोंदली गेली आणि अवघ्या 1.7 सेकंदांनी गॅमा किरण आले. काही तासांतच वासुकी तारकासमूहात, सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत, नवा प्रकाशबिंदू सापडला. पुढे पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ महादुर्बिणीनेही त्याचे रेडिओ किरण टिपले. निळसर असलेला तो प्रकाश काही दिवसांत लाल झाला. जड मूलद्रव्ये घडत असल्याची ती खूण. सोनेही अशाच मीलनांत घडते, असे मानतात. ‘सोने’ आले ‘सुवर्ण’वरून, म्हणजे चांगल्या वर्णाचे. आपल्या पूर्वजांनी धातूला नाव दिले रंगावरून, आणि त्याच्या जन्माचा मागही रंगानेच दाखवला.

संदिग्धता नको म्हणून काही जण ‘गुरुत्व तरंग’ म्हणतात. तो शब्दही चांगला, पण मला ‘लहरी’च हवा. आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. 2023मध्ये केंद्र सरकारने तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. पावसाला लहरी म्हणणाऱ्या मुलखातल्या मुलांना त्याच शब्दाचा जुना, नेमाचा अर्थ या निमित्ताने शिकवता येईल. शब्द बदलण्यापेक्षा तो पुरता समजावून देणे मला मोलाचे वाटते.