सावलीचें भाकीत

अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांत पंक्सुटॉनी नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें दरवर्षीं २ फेब्रुवारीस पहांटे हजारों लोक कडाक्याच्या थंडींत एका टेकडीवर जमतात आणि उंच टोप्या घातलेले कांहीं गृहस्थ ‘फिल’ नांवाच्या प्राण्यास मोठ्या अदबीनें बाहेर आणतात. हा ग्राउंडहॉग होय. खारीच्या कुळांतला, पण मांजराएवढा, लठ्ठ व बिळांत राहणारा. त्यास स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे राहणार; न दिसली तर वसंत लवकर येणार! १८८६ पासूनचा फिल तो हाच, एका दिव्य पेयाच्या प्रभावानें तो जिवंत आहे, असें हे गृहस्थ गंभीर मुद्रेनें सांगतात. आमच्या सप्तचिरंजीवांत ही आठव्याची भरच म्हणावयाची.

या विनोदाचें मूळ मात्र विनोदी नाहीं. ख्रिस्तजन्मापासूनच्या या चाळिसाव्या दिवशीं चर्चमध्यें मेणबत्त्यांस आशीर्वाद देण्याची जुनी चाल आहे. तो दिवस हिवाळ्याच्या साधारण मध्यावर येतो. त्या दिवशीं ऊन पडलें तर थंडी लांबते, असें युरोपांतील शेतकरी मानीत. जर्मन मुलुखांत सावली पाहण्याचें काम बॅजर या बिळांतल्या प्राण्याकडे असे. अठराव्या शतकांत बरेच जर्मन शेतकरी पेनसिल्व्हेनियांत वसले आणि तेथें हें काम ग्राउंडहॉगकडे आलें. पंक्सुटॉनीच्या वृत्तपत्रानें १८८६ मध्यें त्याचा उल्लेख केला. १८८७ पासून टेकडीवरची यात्रा सुरू झाली.

ऊन पडल्यास थंडी वाढावी, हें आम्हां उष्ण देशांतील लोकांस उफराटें वाटतें. पण मध्य युरोपांत हिवाळ्यांतील निरभ्र आकाश बहुधा कोरडी, बोचरी थंडी दाखवितें, आणि ढग समुद्रावरची उबदार हवा आणतात. एकदोन दिवसांपुरतें हें निरीक्षण खोटें नव्हतें. शिवाय, या दिवशीं निम्मी वैरण व निम्में सरपण शिल्लक असावें, असा तेथील शेतकऱ्यांचा दंडक होता. एका उन्हाच्या दिवसास भुलून जो गंजी सैल हातानें उपसील, त्याचीं गुरें मार्चांत उपाशीं मरतील, हा त्या भाकिताचा खरा अर्थ. सावली हें निमित्त. चिंता वैरणीची होती.

पुढें सरकारी हवामानखात्यानें ताडून पाहिलें, तेव्हां फिलचीं निम्म्याहून कमी भाकितें खरीं ठरलीं. नाणें उडवून याहून बरें उत्तर मिळालें असतें. रानांतला नर ग्राउंडहॉग फेब्रुवारींत बिळाबाहेर येतो, तो माद्यांचीं बिळें धुंडाळण्यासाठीं. ऋतूची चौकशी करण्यास नव्हे.

आमच्या पंचांगांतही पर्जन्यनक्षत्रांचीं वाहनें दिलेलीं असतात. बेडूक किंवा म्हैस असली तर पाऊस बरा, अशी समजूत आहे. शास्त्राच्या कसास तींही उतरणार नाहींत. तरी मृगाचें वाहन वाचतांना कोरडवाहू शेतकरी हंसत नाहीं, आणि त्याभोंवतीं कोणी उंच टोप्यांचा उत्सव मांडलेला नाहीं. पंक्सुटॉनीच्या लोकांस हंसतां येतें, कारण फिल चुकला तरी त्यांच्या गोठ्यांतली वैरण सरत नाहीं. आमच्या शेतकऱ्यासही म्हशीबेडकांची अशीच निर्धास्त थट्टा करतां येईल, तो दिवस आम्हांस पाहावयाचा आहे.