फादर किर्खर यांनी काय पाहिले?

वांद्रे, गिरगाव, माझगाव या जुन्या वस्त्यांतून जाताना गल्लीच्या वळणावर जे क्रूस दिसतात, त्यांतील कित्येक १८९६ च्या प्लेगच्या साथीत भाविकांनी उभारलेले आहेत. त्या साथीचा विषय निघाला की आपल्या मंडळींत एक विधान अधूनमधून ऐकू येते : प्लेगचा जंतू जगात सर्वप्रथम पाहिला तो एका जेज्वीट धर्मगुरूने. काही ग्रंथांतही ते छापले गेले आहे. विधान आपल्या अभिमानाला सुखावणारे आहे. म्हणूनच ते जरा पारखून घ्यावे असे आम्हांस वाटले.

हे धर्मगुरू म्हणजे फादर अथानासियुस किर्खर (१६०२-१६८०). जन्माने जर्मन; आयुष्याचा मोठा काळ रोमच्या जेज्वीट महाविद्यालयात गेला. त्यांना कोणता विषय वर्ज्य नव्हता. चीन देशावरील त्यांच्या १६६७ च्या ग्रंथात तर आपली देवनागरी अक्षरे छापलेली आहेत. आग्र्यास राहिलेल्या फादर हाइनरिख रोथ यांनी ती त्यांना पुरविली होती. १६५६ साली रोममध्ये प्लेग शिरला, तेव्हा किर्खर यांनी रुग्णांचे रक्त भिंगाखाली ठेवले आणि त्यात असंख्य सूक्ष्म कृमी दिसल्याचे १६५८ च्या आपल्या लॅटिन ग्रंथात नोंदविले. रोग या सजीव कणांमुळे एकाकडून दुसऱ्याकडे जातो, असा निष्कर्षही त्यांनी काढला.

पण ते कृमी प्लेगचे जंतू होते काय? येथे भक्ती कामाची नाही, मोजमाप हवे. किर्खर यांचे सूक्ष्मदर्शक वस्तू तीसएक पट मोठी करून दाखवीत असे धरून चालू. तांबडी रक्तपेशी सुमारे साडेसात मायक्रॉन रुंद असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तीस पटीने ती २२५ मायक्रॉनची, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास दिसेल; बारीक टिंबाएवढी. प्लेगचा जंतू मात्र लांबीला जेमतेम दोन मायक्रॉन. तो तीस पटीने ६० मायक्रॉनचा होईल, आणि साध्या डोळ्याला १०० मायक्रॉनहून लहान वस्तू ओळखणे कठीण. त्यातून हा जंतू बिनरंगी. रक्ताच्या थेंबात तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतींसारख्या रांगा धरतात. किर्खर यांना वळवळताना दिसल्या त्या बहुधा याच रांगा असाव्यात.

तेव्हा पहिल्या दर्शनाचा मान त्यांना देता येत नाही. मात्र त्यांची थट्टा करणारेही चुकतात. त्यांच्या हाती मोजण्याचे साधनच नव्हते. डेल्फ्ट गावचा कापडव्यापारी लेवेनहुक याने १६७४ साली रक्तपेशी पाहिल्या, त्या वाळूच्या कणाशी ताडून. एका बारीक कणाच्या पंचवीस हजाराव्या भागाएवढी एक पेशी, असा त्याचा हिशेब. पुढे इंग्लंडच्या जेम्स जुरिन याने एक सोपी युक्ती काढली. बारीक तार सुईवर अगदी लगटून गुंडाळायची, एका इंचात किती वेढे बसतात ते मोजायचे, म्हणजे तारेची जाडी कळते. मग त्या तारेचे तुकडे नमुन्याशेजारी टाकून तुलना करायची. आज प्रयोगशाळेत काचपट्टीवर मिलिमीटरचे शंभर भाग कोरलेले असतात, आणि नेत्रभिंगातील मोजपट्टी आधी त्यांच्याशी जुळवून घेतात. भिंगाची जोडी बदलली की जुळवणी पुन्हा करावी लागते, कारण मोजपट्टीच्या एका घराची किंमत बदलते.

मोजमापाइतकेच महत्त्व नमुना तयार करण्याला आहे. जर्मनीचे रॉबर्ट कॉख यांनी १८७७ साली जी रीत प्रसिद्ध केली ती थोडक्यात अशी : द्रवाचा थेंब काचेवर पातळ पसरायचा, सुकवायचा, ॲनिलिन रंगाने रंगवायचा. ओल्या थेंबात जे सारे हलत-डुलत असते ते येथे स्थिर होते, आणि बिनरंगी जंतू निळे-जांभळे होऊन उठून दिसतात. पुढच्याच वर्षी आर्न्स्ट आबे यांनी वस्तुभिंग आणि काच यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवण्याची योजना केली, तेव्हा हजारपट मोठे चित्रही स्पष्ट दिसू लागले.

ही सारी सामग्री घेऊन १८९४ च्या जूनमध्ये पाश्चर यांच्या संस्थेतील अलेक्झांडर यर्सॅं हाँगकाँगला पोचले. तेथे प्लेग होता. पण इस्पितळातील शवे त्यांना तपासावयास मिळेनात. तेव्हा धावून आले ते फादर विगानो हे इटालियन मिशनरी. त्यांच्या मध्यस्थीने, शवे पुरणाऱ्या खलाशांच्या हातावर थोडी नाणी ठेवून, यर्सॅंना शवागारात प्रवेश मिळाला. (हे कृत्य कोणत्या सद्गुणात बसवायचे ते वाचकांनीच ठरवावे.) शवांवर चुना पसरलेला असे. तो बाजूला सारून त्यांनी जांघेतील गाठ कापली आणि आतला गर काचेवर घेतला. आपल्या गवती झोपडीत त्यांनी तो भिंगाखाली धरला, तो आखूड, टोकांशी गोलसर जंतूंनी खच्चून भरलेला. टोके रंग अधिक धरतात, मध्य फिका राहतो. या प्रकरणात धर्मगुरूंचा वाटा शोधायचाच असेल, तर आमच्या मते तो भिंगाशी बसलेल्या किर्खर यांच्यापेक्षा दार उघडून देणाऱ्या विगानो यांच्या पदरी अधिक पडतो.

दोन वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात ताप व गाठी आलेल्या रुग्णांना पाहून डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी हा प्लेग असल्याचे सांगितले. गोव्याच्या हडफडे गावचे हे कॅथलिक डॉक्टर मुंबईच्याच ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. त्यांनी रोग ओळखला तो रुग्णाच्या अंगावरून. पण असे निदान आता कुणाच्या मतावर सोडण्याची गरज उरली नव्हती. गाठीतील एक थेंब काचेवर घेऊन, रंगवून, मोजून खात्री करता येत होती. त्याच महाविद्यालयात ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी जंतूंची पैदास करून लशीचे काम सुरू केले, आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली.