दाबाचा स्क्रू : टॉरिचेल्लीपासून ई-२० पर्यंत

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट भारताने २०२५ मध्ये गाठले आणि जुन्या गाड्यांचे मालक अस्वस्थ झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाने ती जनहित याचिका फेटाळली. वाद मायलेजचा होता, रबरी भागांच्या आयुष्याचा होता. पण इंजिनाची थोडी जाण असलेल्याला यावर एक उपाय सहज सुचतो : इथेनॉलमिश्रित इंधन जास्त लागते ना, मग इंधनाचा दाबच वाढवावा. स्क्रू फिरवून दाब बदलता येईल असा फ्यूएल प्रेशर रेग्युलेटर बाजारात मिळतो. हा उपाय कितपत खरा, हे त्या स्क्रूच्या इतिहासातून कळते.

त्यामागचा नियम इंजिनाहून जुना आहे. टॉरिचेल्लीने १६४४ मध्ये दाखवले की भांड्याच्या छिद्रातून पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. इंजेक्टर म्हणजे असेच एक छिद्र, संगणकाच्या आज्ञेने उघडणारे आणि मिटणारे. दाब चौपट केला तर इंधन दुप्पट येते. दाब १० टक्क्यांनी वाढवला तर जेमतेम ५ टक्के जास्त. स्क्रूच्या साऱ्या मर्यादा या एका वर्गमूळात आहेत.

कार्बोरेटरच्या काळात हा प्रश्न फारसा नव्हता. अॅम्बॅसडर असो की प्रीमियर पद्मिनी, कार्बोरेटरमधला फ्लोट वर आला की सुईची झडप बंद होई आणि इंधनाची पातळी स्थिर राही. त्या गाड्यांचा रेग्युलेटर तोच. दाबाचा आकडा महत्त्वाचा झाला तो इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आल्यावर. बॉशची डी-जेट्रॉनिक प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० मध्ये आली. तिच्यात इंधनाचा दाब सुमारे २ बार असे आणि रेग्युलेटरवर तो जुळवण्यासाठी खरोखरच एक स्क्रू असे. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे इलेक्ट्रॉनिक मंडल ठरवी. दाब बरोबर आहे, हे ते गृहीत धरी.

पुढे सत्तरच्या दशकात आलेल्या एल-जेट्रॉनिकमध्ये हे गृहीतक जास्त पक्के केले गेले. इंजेक्टरच्या एका टोकाला इंधनाचा दाब असतो, दुसऱ्या टोकाला इनटेक मॅनिफोल्डमधील हवेचा. आणि प्रवाह ठरतो तो या दोन दाबांतील फरकावर. म्हणून रेग्युलेटरच्या पडद्यामागे मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी आणली गेली. आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये निर्वात वाढला की इंधनाचा दाबही तितकाच उतरतो, थ्रॉटल उघडला की तितकाच चढतो. फरक कायम राहतो. एक स्प्रिंग, एक पडदा, एक नळी. यांत्रिकीतील इतकी सुबक वजाबाकी क्वचितच आढळते. स्क्रू मात्र गेला. दाब कारखान्यातच ठरवून मोहोरबंद होऊ लागला.

भारतात हे तंत्र सर्वदूर पोहोचले ते न्यायालयाच्या रेट्याने. म. चं. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ एप्रिल १९९९ रोजी राजधानी परिसरासाठी युरो-१ आणि वर्षभरात युरो-२ मानकांचा आदेश दिला. कार्बोरेटर मागे पडला आणि गाड्यांच्या पाठीवर ‘एमपीएफआय’ ही अक्षरे मिरवू लागली.

आफ्टरमार्केट रेग्युलेटरने गेलेला स्क्रू परत आणला. तो बसवताना आधी पंप बंद करून नळ्यांतील दाब उतरवावा लागतो, नाहीतर गरम इंजिनावर पेट्रोलची चिळकांडी उडते. मग गेज लावून, मॅनिफोल्डची नळी काढून तिचे तोंड बंद ठेवून मूळ दाब जुळवायचा. तो ३ बार ठेवला, तर नळी परत जोडल्यावर आयडलिंगला गेज साधारण २.४ दाखवते. ही घट दिसली नाही तर नळी फुटलेली आहे किंवा पडदा निकामी आहे. टर्बो बसवलेल्या, मोठे पंप-इंजेक्टर घातलेल्या आणि संगणकाचे कोष्टक नव्याने लिहिलेल्या इंजिनात या उपकरणाला अर्थ आहे. एरवी ते संगणकाला फसवण्याचे साधन ठरते.

आता इथेनॉलचा हिशेब. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. ई-२० साठी हे गुणोत्तर साधारण १३.५ येते. म्हणजे तेवढ्याच हवेला शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ९ टक्के जास्त इंधन हवे. केवळ दाबातून ते मिळवायचे तर १.०९ चा वर्ग, सुमारे १.१९ : दाब ३ बारवरून साडेतीनच्या पुढे. आकडा आवाक्यातला वाटतो. परंतु एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर ही कमतरता ओळखतो आणि संगणक इंजेक्टर उघडा राहण्याचा काळ तेवढा वाढवतो. स्क्रू न फिरवताही हे काम होते. फिरवला, तर सेन्सर उलट दिशेने दुरुस्ती करतो. फरक उरतो तो पूर्ण थ्रॉटलला, जिथे अनेक इंजिनांत संगणक सेन्सरचे ऐकत नाही. तिथे टाकीत साधे किंवा ई-१० पेट्रोल असेल तर मिश्रण गरजेपेक्षा गडद होते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. उभ्या गाडीची पीयूसी चाचणी ते पाहत नाही.

मायलेज तर यात कुठेच परत येत नाही. इथेनॉलच्या लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. स्क्रूने इंधन जास्त ओतता येते, त्यातली ऊर्जा वाढवता येत नाही. रबराचा प्रश्नही तसाच राहतो. उलट दाब वाढल्याने जुन्या नळ्यांवरचा ताण वाढतो, आणि नव्या रेग्युलेटरचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या फ्लुओरोइलॅस्टोमरचा नसेल तर तोच आधी जातो.

नव्या गाड्यांत हा पर्याय जवळपास संपला आहे. इंजिनाजवळ तापून टाकीत परतणारे पेट्रोल वाफा वाढवते, म्हणून परतीची नळीच काढून रेग्युलेटर टाकीत, पंपाशेजारी गेला. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या इंजिनांत तर दाब शंभर बारच्याही वर असतो. तो सेन्सर मोजतो आणि संगणकच सतत बदलत राहतो.